टाकीत गेलेलं फिनेल

पुतण्या कुऱ्हाड घेऊन बांधावरच्या चिंचेखाली उभा होता. त्याची आई, माझी धाकटी जाऊ, ओट्यावर बसून नुसती बघत होती. हो नाही की नाही नाही. माझे दीर गेल्यापासून ती अशीच.

"अरे, झाडं तुटू नयेत म्हणूनच तुझ्या बापानं गोबरगॅस बांधला," मी म्हटलं.

"मग पेटवून दाखव, मोठी आई. बाप गेला, गॅसही गेला. आईनं स्वयंपाक कशावर करायचा?"

मी लग्न होऊन आले तेव्हा मागची टेकडी गच्च हिरवी होती. ती आम्हीच चुलीत घातली. म्हणून गोबरगॅसची टाकी बांधून देणारी बाई आली तेव्हा दिरांनी तिला आधी टेकडी दाखवली. बाईनं म्हशी बघितल्या, शेण तोलायला लावलं. दिरांना टाकी मोठी हवी होती. ती म्हणाली, "दोन म्हशींना पुरेल एवढीच. मोठी बांधाल तर उपाशी मरेल."

आता गॅस बंद पडल्यावर मी तिलाच निरोप धाडला होता. आली, टाकीवर वाकून वास घेतला.

"गोठ्यात काय ओतलंत?"

नणंद पुढं झाली. "मी धुतला. आजारी माणसाचं घर. अंथरुणं, फरशी, गोठा, सगळं फिनेलनं. कुणी नावं ठेवायला नको."

"ते पाणी कुठं गेलं?"

सगळ्यांनी गोठ्याच्या नालीकडं बघितलं. नाली टाकीत उतरत होती.

"शेण कुजवणारे जीव असतात टाकीत," बाई म्हणाली. "फिनेलनं तेच मेले. निम्मं उपसा, विहिरीपासून लांब टाका. रोज ताजं शेण कालवून घाला. आणि वाट बघा."

"म्हणजे दादाची टाकी मीच मारली," नणंद म्हणाली.

जाऊ म्हणाली, "बरं." एवढंच.

उपसायला नणंदच लागली, पदर खोचून. उपसून झालं तेव्हा माशाही तिच्यापासून लांब होत्या.

"वहिनी, आता मलाच फिनेल लागणार."

"नाव काढू नकोस त्याचं," मी म्हटलं.

जाऊ रोज शेण कालवायची. कोपरापर्यंत हात, डोळे कुठंच नाहीत. आधी गॅस आला, पण काडी विझवायचा. पुतण्या कुऱ्हाडीला धार लावत बसला. "अजून वाट बघू?" त्यानं विचारलं. आईनं पुढची पाटी उचलली.

मग एका सकाळी बर्नरवर निळी ज्योत उभी राहिली. नणंद तोंडात पदर घेऊन रडायला लागली. पुतण्या दारात आला, बघितलं, हातातली कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

जाऊनं ज्योतीकडं बघितलं. मग हात पुढं करून चावी बंद केली.

"पेटतंय ना," ती म्हणाली. "मग उगाच कशाला जाळायचं. स्वयंपाकाला अवकाश आहे."

आणि पाटी घेऊन गोठ्यात गेली.