आजची चांगली गोष्ट

“हासून सांग,” गौतम म्हणाला.

विनोदिनीचा ओठ आतून फाटला होता. तिने रक्त गिळलं आणि हसत सांगितलं, “आज तलावापाशी भाजीवालीनं मले लालभाजीची एक जुडी फुकटात देल्ली.”

“पाह्य, एक थापड पडली का बराबर याद येते तुले.” गौतमने समाधानाने भात कालवला.

झालं होतं असं. दिवाळीनंतर गौतमने ऑफिसात एका शिपायाच्या कानाखाली जाळ काढला. साहेबांनी प्रकरण वर जाऊ दिलं नाही, त्याला आनंदी जीवनाच्या शिबिरात धाडलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, रोज जेवताना घरातल्या प्रत्येकाने दिवसभरातली एक चांगली गोष्ट सांगायची. चांगलं शोधायची सवय लागली की मनाचा तोल सावरतो, घर सुखी होतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. पण औषध कितीही गुणाचं असलं, तरी पाजणारा नरडं धरून पाजायला लागला तर काय करायचं? गौतमने घरात फर्मान काढलं. गोष्ट सुचली नाही तर चापट, सांगताना चेहरा पडला तर दुसरी. पूर्वी तो मारायचा आणि ती रडायची. आता रडायचीही सोय राहिली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

गंमत बघा, शिबिराला गेला गौतम आणि गुण आला विनोदिनीला. ती गोल बाजारात कलावतीबाईंच्या दुकानात साड्यांना फॉल लावायची. रात्री काहीतरी सांगावं लागणार या धास्तीने ती दिवसभर चांगलं शोधत फिरायची, आणि ते सापडायला लागलं. चहावाल्याने आज आलं जास्त घातलं. एका गिऱ्हाईक बाईने साडी उलटून तिचे टाके पाहिले आणि ‘दीदी, कितना साफ काम है’ म्हणाली. बुढापारा मोहल्ल्याच्या वळणावर तलावावरून गार वारा आला. दोन गोष्टी सापडल्या की एक ती ईरासाठी राखून ठेवायची आणि गौतम यायच्या आत पोरीकडून घोकून घ्यायची. ईरा पंधरा वर्षांची होती, या हिंदी मुलखातल्या शाळेत शिकल्यामुळे घरातही हिंदीच बोलायची, आणि बापाचा हात तिच्या अंगाला अजून लागला नव्हता. विनोदिनीने संसारात दुसरं काही कमावलं नसेल, एवढं मात्र जिवापाड सांभाळलं होतं.

चांगलं शोधता शोधता तिला आणखीही एक दिसलं होतं. तिला सापडलेली एकही गोष्ट या घरातली नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला?

त्या रात्री तिची भाजीची जुडी पसंत पडल्यावर गौतम ईराकडे वळला. गणिताच्या सरांनी शाबासकी दिल्याची गोष्ट आईने तिला तयार करून दिली होती. पण ईरा आईच्या ओठाकडे बघत होती.

“आज अच्छा ये हुआ,” ती सावकाश म्हणाली, “कि आप देर से आए.”

गौतमने ताट भिरकावलं. पोरीची वेणी मनगटाला गुंडाळून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरलं. नीट सांग, हासून सांग, असं तो एकसारखं म्हणत होता. विनोदिनी त्याच्या हाताला लटकली, दंडाला कडकडून चावली. त्याने पोटात लाथ घालून तिला कोपऱ्यात फेकलं. तिथे तिची कामाची पिशवी होती, आणि पिशवीत कात्री.

ती उठली तेव्हा समोर त्याची पाठ होती. खरं सांगायचं तर कात्री कुठे खुपसायची, हे तिने ठरवलंही होतं. तेवढ्यात त्याने ईराचं डोकं पुन्हा मागे खेचलं आणि वेणी ताणली गेली. विनोदिनीच्या हाताला कापायचीच सवय. ती बाजूने पुढे झाली, कात्री वेणीत शिरली आणि करकरत पार झाली. सगळा जोर लावून खेचणारा गौतम तसाच मागे गेला, ओट्याच्या कडेवर आदळला आणि खाली बसला. त्याच्या मानेवरून रक्ताचा ओघळ आला. तो मुठीतल्या वेणीकडे बघत राहिला. तिच्या टोकाला अजून रिबीन बांधलेली होती.

“माह्या पोट्टीले हात लावू नको,” विनोदिनी म्हणाली. कात्री तिने त्याच्यासमोर धरली होती. तो उठला नाही.

ईराचा हात धरून ती अनवाणीच निघाली. पाऱ्यातले शेजारी दारात उभे होते, नेहमीसारखेच. एरवी ती पदराने तोंड झाकायची. आज तिने तसं केलं नाही.

कलावतीबाईंनी दुकानामागची खोली उघडून दिली आणि सकाळी त्या ठाण्यातही सोबत आल्या. मग दवाखाना झाला, ईराच्या भुवईला टाके पडले. रात्री दोघी खिचडी घेऊन बसल्या. ईराचे केस मानेवर वेडेवाकडे लोंबत होते. पहिला घास घेता घेता सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “आई, आज क्या अच्छा हुआ?”

विनोदिनी आठवू लागली. तिने सगळा दिवस चाचपून पाहिला, पण हाती काही लागेना. तिचा डावा हात आपोआप गालाशी गेला आणि मान खांद्यात आखडली.

ईराने ते पाहिलं.

“राहू दे आई,” ती मराठीत म्हणाली. “नाही आठवलं तर नाही सांगायचं.”

तिने आईच्या ताटात आणखी थोडी खिचडी वाढली. गालावरचा हात खाली यायला बराच वेळ लागला. मग विनोदिनी जेवू लागली.