गौरम्माच्या छातीतलं पाणी

मी एक स्लाइड बोलतेय. बोटभर लांबीची काच. सोलापुरातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मंद्रूप गावच्या गौरम्माच्या छातीतल्या पाण्याचा थेंब माझ्यावर पसरला, रंग चढवला, वरून पातळ काच चिकटवली. तेव्हापासून तिच्या पेशी माझ्यात कोंडल्यात, आणि मी त्यांच्यासोबत.

या पेशी कर्करोगाच्या आहेत, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली लगेच दाखवलं. पण त्या कुठून आल्या? ते माझ्या अंगावर उमटतच नाही. जीव घुसमटतो तो इथं.

गौरम्माचा स्तन काही वर्षांपूर्वी कर्करोगाच्या गाठीमुळे काढला होता; तेव्हापासून रोजच्या गोळ्या चालू होत्या. आता स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसली होती, त्यामुळे सगळ्यांचं उत्तर तयार.

"जुनंच पसरलंय. लिहून टाका," मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले.

बाहेर बाकड्यावर तिचा मुलगा मृत्युंजय चिडला होता. "अव्वा, तू गोळ्या चुकवल्यास, म्हणून परत आलं!"

"एकबी न्हाय चुकवली रे." तिला बोलताना धाप लागत होती.

मला ओरडावंसं वाटलं. काचेला कुठला घसा!

लॅबमधल्या तरुण डॉक्टर अक्षता मॅडम मात्र अहवालावर सही करेनात. "जुन्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा तुमच्याकडे दिला होता ना? आणा. दोन्ही शेजारी ठेवून बघते."

मृत्युंजय खाली बघू लागला. "आजीनं भीमेत सोडला, मॅडम. रोग घरात कशाला ठेवायचा म्हणाली."

"नदीत?"

"विभूती लावून सोडला की. नारळबी फोडला."

मॅडमना हसू फुटलं आणि तिथंच विरलं. आता बाटलीत उरलेलं पाणी तेवढं हाताशी होतं. ते यंत्रात फिरवून तळाला बसलेल्या पेशी त्यांनी मेणात बसवल्या, त्याचे काप माझ्या दोन बहिणींवर घेतले. एकीवर स्तनाच्या पेशी ओळखणारं रसायन, दुसरीवर फुप्फुसाच्या.

पहिलीवर काहीच उमटलं नाही. दुसरीवर तपकिरी ठिपके भरून आले. स्कॅनमधली फुप्फुसातली गाठ, जिला सगळे जुन्याचं पिल्लू समजत होते, ती स्वतंत्र निघाली.

"मावशी, हा नवा कर्करोग आहे, फुप्फुसाचा. औषधही वेगळं लागेल," मॅडम खिडकीतून म्हणाल्या. "जुना परत आलेला नाही."

नवा म्हणजे काही सुटका नव्हे, हे गौरम्मालाही कळत होतं. मृत्युंजयनं तिची पिशवी उचलली. "चल, अव्वा."

ती जागची हलली नाही. "आदी तोंडानं म्हण."

"...तू न्हाय चुकवल्यास गोळ्या."

मग ती उठली.

मी आता पेटीच्या खाचेत, अंधारात उभी आहे. माझी एकच विनवणी: माझ्यावर कर्करोग दिसला म्हणजे उत्तर मिळालं, असं समजू नका. तो कुठला, हेही विचारा. तुम्ही घाईत सही करता, तेव्हा बाहेर कुणीतरी आपल्या आईलाच दोषी ठरवत असतो.