सदतीसला तीस म्हणू नका

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी एक जुना कोनमापक आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. कहाणी गोड असेल अशी आशा धरून बसू नका.

तुमच्या कंपासपेटीतला तो अर्धा चंद्र पाहिलाय ना? तो माझा धाकटा भाऊ. तो कागदावरचे कोन मोजतो, मी माणसांचे. मला पोलादाचे दोन लांब हात आहेत, मधोमध एक चकती आहे आणि चकतीवर एकशे ऐंशी बारीक रेघा आहेत. मोडलेलं हाड जोडल्यावर सांधा किती वाकतो आणि किती उघडतो, एवढं सांगणं माझं काम.

ज्या कारागिराने माझ्या रेघा कोरल्या, तो डोळ्याला भिंग लावून बसायचा. रेघ कोरून झाली की तिच्यावर हळूच फुंकर घालायचा, खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते तशी. शेवटी त्याने माझे दोन्ही हात एका खिळ्याने जोडले, चार वेळा उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, "जा बाबा. दिसेल ते सांग." एकशे ऐंशी रेघा, मित्रांनो. त्यातली एकही त्याने शोभेसाठी कोरली नव्हती.

हाडांच्या इस्पितळात व्यायामाची एक लांबट खोली होती. तिथे माझी पहिली वर्षं गेली. तिथल्या बाईंना सगळे वाकवाबाई म्हणत, कारण आलेल्या माणसाला त्यांचा पहिला शब्द "वाकवा!" आणि दुसराही "वाकवा!" पोटात मात्र माया. दुखणारा हात हातात घेतला की त्या गुणगुणायच्या:

वाक रे वाक कोपरा, घास जाऊ दे तोंडाला,
उघड रे उघड कोपरा, हात लागू दे दाराला.

मग अंगठ्याने कोपराच्या बाहेरचा हाडाचा उंचवटा चाचपून माझा खिळा नेमका त्यावर ठेवायच्या. माझा एक हात खांद्याकडे, एक मनगटाकडे. आणि मुख्य म्हणजे खाली वाकून डोळे माझ्या पातळीला आणायच्या. "काल त्रेचाळीसला अडत होता, आज एक्केचाळीस. दोन अंश कमावलेत!" म्हणायच्या. हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य, तेव्हा आकडा जितका कमी तितका हात जास्त उघडला. ते ऐकून समोरचा माणूस दोन गावं इनाम मिळाल्यासारखा हसायचा.

अशा सुखात असताना मोठ्या डॉक्टरांनी संशोधन काढलं.

कोपराजवळचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया करून, पट्टी आणि स्क्रू लावून ते जोडतात. प्रश्न पुढचा. तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये निवांत ठेवायचा, की चौथ्या दिवसापासून हळूहळू हलवायचा? कुणी म्हणे हे बरं, कुणी म्हणे ते. म्हणून दोन गट केले. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. सहा महिन्यांनी प्रत्येकाचं कोपर मोजायचं आणि वहीत लिहायचं. ज्या गटाची कोपरं जास्त मोकळी, ती रीत सरस. मला तर आकाश ठेंगणं झालं. सगळी मदार माझ्यावर!

मदार कसली, कपाळ माझं!

वाकवाबाईंचा सगळ्यांवर जीव, त्यांच्या मापात माया उतरू नये म्हणून मोजणारा वेगळा हवा असं ठरलं. नियम बरोबरच होता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मला तपासणीच्या खोलीत धाकट्या डॉक्टरांकडे दिलं आणि त्यांनी मला पेनांच्या पेल्यात उभं केलं. बाहेर रांग दारापर्यंत. ते टेबलापलीकडूनच म्हणायचे, "वाकवा. सरळ करा. छान." शर्टाची बाहीसुद्धा वर करायला सांगायचे नाहीत आणि वहीत लिहायचे, तीस ते एकशेतीस.

आता हा आकडा कुठून आला? तर तिसाच्या आत उघडलं आणि एकशेतीसच्या पुढे वाकलं, की रोजची बहुतेक कामं होतात. म्हणजे तो पास होण्याचा आकडा. धाकटे डॉक्टर मनाचे चांगले, सगळ्यांना पास करायचे. एक तीस ते एकशेतीस, त्याखाली दुसरं, त्याखाली तिसरं. पानच्या पान!

मी पेल्यातून बघत होतो. ओरडणार कुठल्या तोंडाने? आणि माझा उपयोग ऐका. माझ्या टोकाने औषधाची पाकिटं फाडली. प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून लोकांनी मला आत खुपसलं. खिडकी बंद होऊ नये म्हणून फटीत अडकवलं. एके दिवशी तर धाकट्या डॉक्टरांनी मला चमचा करून चहात साखर ढवळली. एकशे ऐंशी रेघा, आणि चहात!

दीड वर्ष असं गेलं. मग एका सकाळी सुतारकाका आले, सोबत काकू. शिडीवरून पडून उजव्या कोपराचं हाड मोडलं होतं. चिठ्ठी निघाली प्लास्टरची. आज सहा महिने झाले होते. काका सांगत होते की हात पुढे सरळच होत नाही, रंधा अर्ध्या फळीवर थांबतो.

धाकट्या डॉक्टरांनी नेहमीसारखं बघितलं आणि तीस ते एकशेतीस लिहिलं. "छान आहे काका. हाड पक्कं जुळलंय. आता यायची गरज नाही."

यायची गरज नाही! मित्रांनो, आखडलेला सांधा वेळेत मोकळा केला नाही तर पुढे तो दाद देत नाही. हे काय मी सांगायचं? हे शिकायला त्यांनी किती वर्षं घातली असतील!

"छान?" काकू म्हणाल्या. "वरचं बटण मी लावते यांचं. घास घ्यायला मान पुढे काढतात, कासवासारखी."

"काकू, आकडा पास आहे."

"आकडा जेवतो का?"

काकांचं लक्ष तोवर उघड्या वहीवर गेलं होतं. त्यांनी बोट ठेवून पान वरून खालपर्यंत वाचलं. "डॉक्टर, एका झाडाच्या दोन फळ्या सारख्या निघत नाहीत. इथे तर एवढी माणसं एका साच्यातून काढलीत."

काकांनी डाव्या हाताने मला पेल्यातून उचललं. "हे कशाला ठेवलंय?"

"ते जुनं आहे. खिळा ढिला झालाय त्याचा. भरवसा नाही."

माझा खिळा ढिला! ज्याने साखर ढवळली त्याने हे म्हणावं! चोर तो चोर, वर शिरजोर!

काकांनी पिशवीतून गुण्या काढला, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. त्याच्या कोपऱ्यात माझे दोन्ही हात घट्ट बसवले आणि चकती डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. बरोबर नव्वद. केसभर इकडेतिकडे नाही.

"आमच्यात एक सूत चुकलं तर दार चौकटीत बसत नाही," काका म्हणाले. "आता मोजा."

"काय चाललंय?" दारात मोठे डॉक्टर उभे होते. काकूंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं, त्यातलं एक टोमण्याचं होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्टूल ओढलं. काकांची बाही वर केली. अंगठ्याने उंचवटा शोधला. कितीतरी दिवसांनी माझा खिळा जिथे असायला हवा तिथे टेकला. डोळे माझ्या पातळीला आणून त्यांनी तीनदा मोजलं. सदतीस. छत्तीस. सदतीस. वाकणं एकशेबारा.

मग वही पुढे ओढून ते पानं उलटत गेले.

त्यांच्या टेबलावर त्याच आठवड्यात निष्कर्षाचा कागद तयार झाला होता, हे मला मागाहून कळलं. दोन्ही गट सारखेच, लवकर हलवून काही फायदा नाही, असं त्यात होतं. सारखेच निघणार नाहीत तर काय! दोन्ही गटांवर एकच शिक्का मारला होता. आणि त्या कागदावर विसंबून पुढच्या किती कोपरांना तीन आठवडे डांबलं असतं, देव जाणे.

"हे तुम्ही मोजलंत?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"बघून लिहिलं, सर." धाकट्या डॉक्टरांचा आवाज पार खाली गेला. "रांग होती."

"आणि मी?" मोठे डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "दीड वर्षात मी एकदाही हे पान उघडलं नाही." त्यांनी तीस खोडून सदतीस लिहिलं आणि शेजारी सही केली.

जुन्या लोकांना पत्रं गेली. काही आले, काही नाहीच आले. आले त्यांचीही सहाव्या महिन्याची कोपरं परत कुठून आणणार? ते आकडे बाद झाले. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्या पानापासून नवी वही सुरू केली. मला धाकट्या डॉक्टरांनी स्पिरिटने पुसलं, तेव्हा माझ्या हाताला चिकटलेली साखर निघाली. तीही त्यांनीच पुसली.

काकांच्या कोपराची दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि आखडलेला भाग सोडवला. दुसऱ्या दिवसापासून वाकवाबाई. पहिले दोन आठवडे काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग काकूंनीच ते गाणं उचललं, आणि वाकवाबाईंनाही येत नव्हती अशी चाल लावली.

चार महिन्यांनी काका परत आले, तेव्हा वरचं बटण त्यांचं त्यांनी लावलेलं होतं. धाकट्या डॉक्टरांनी बाही वर केली, उंचवटा शोधला, खिळा ठेवला, आणि चक्क जमिनीवर गुडघा टेकून डोळे माझ्या पातळीला आणले. बाहेर रांग होतीच.

"एकोणीस," ते म्हणाले.

काका मिशीत हसले. "वीस लिहा की. एका अंशाने काय होतंय?"

"नाही काका. तो तुम्ही कमावलाय. मी कसा खाऊ?"

दोन्हींतली कुठली रीत सरस, ते अजून ठरायचं आहे. नवी वही अर्धीच भरली आहे. मला विचारू नका, मी एका वेळी एकच कोपर सांगतो. मला मखमलीच्या पेटीत ठेवा असंही माझं म्हणणं नाही. मित्रांनो, एवढंच करा. माप घ्यायचं तर खाली वाका, डोळे रेघेशी आणा आणि दिसेल तेवढंच लिहा. त्या रेघेच्या पलीकडे कुणाचा तरी घास तोंडाशी पोहोचायचा राहिलेला असतो.

आणि चहाला चमचा वापरा!