कॅसेटमधलं रडगाणं

“पंचे, आवर लवकर. नऊची गाडी चुकली तर दुपारपस्तोर दुसरी न्हाई,” नागुबाई लेकीला म्हणाली. पौर्णिमेला नेसायचं पांढरं लुगडं नेसून ती केव्हाची तयार होती.

पंचशीला सुमेधला आंघोळ घालत होती. म्हणजे घमेल्यात उभं करून दोन तांबे. ते पाणी मग भांड्यांना, उरलं तर शेळीला. शहाऐंशीचा उन्हाळा होता, टँकर चार दिवसांआड येत होता, आणि चिरंजीवांनी तिसऱ्या तांब्यासाठी भोकाड पसरलं होतं.

मस्कतहून महिन्याच्या सुट्टीवर येऊन तिला दोनच दिवस झाले होते. नांदेडच्या सरकारी दवाखान्यातली ही नर्स दोन वर्षांची बिनपगारी रजा काढून, नवरा आणि दोन लेकरं घेऊन तिकडच्या दवाखान्यात नोकरीला गेली होती. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. दर कॅसेटमध्ये एकच रडगाणं. इथं करमत नाही, ऊन फार, लेकरं तुझी आठवण काढून रडतात. खरं तर तिथं तिला फार बरं वाटत होतं. पण आई दुष्काळी कामावर खडी फोडतेय आणि आपण समुद्रावर बसून आईस्क्रीम खातोय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? आपणही दुःखात आहोत असं सांगितलं की तिचं मन हलकं व्हायचं. लबाडी लबाडी म्हणतात ती हीच.

त्या लबाडीला पाय फुटले. विहारातल्या टेपवर लेकीचं रडणं ऐकून नागुबाईनं तीनदा काम बुडवलं आणि लातूर गाठलं. पूर्वी अशा कामाला उस्मानाबादला जावं लागे, आता जिल्हाच लातूरला आला होता. लेक परत येऊन जवळ राहावी म्हणून तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या साहेबांपुढं जाऊन तिनं लेकीची नांदेडहून लातूरला बदली मागितली. लेकीला घेऊन या, मी वर लिहितो, असं साहेब म्हणाले. आजचं जाणं त्यासाठीच होतं.

आणि मस्कतहून निघण्यापूर्वीच पंचशीलानं तिकडं आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही केली होती. दोन दिवस ते तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं.

सहा वर्षांची मित्रा आजीकडून वेणी घालून घेत होती. “आजी, तिकडं बाबा रोज पाचला घरी येतात. मग आम्ही समुद्रावर जातो. केरळची मावशी केळ्याचे काप देते. आणि आई भाजी करताना गाणं म्हणते.”

नागुबाईचा हात थांबला. “गाणं म्हणती? रडत न्हाई व्हय?”

“आई? ती कॅसेट भरतानाच रडते.”

सुमेधचं अंग पुसता पुसता पंचशीला खाली बसली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

“माय, म्या तिकडं अजून दोन वर्सांची सही करून आले.”

नागुबाई पुन्हा वेणी घालू लागली.

“तिथं बरं हाय, माय. ह्यांना लेकरांसंगं खेळाय येळ भेटतो. शेजारीण आडनाव न इचारता घरात घेती. तुला सांगायची लाज वाटली.”

“बरं हाय म्हून लाज वाटली?”

“हाव.”

“अन् म्या खडी फोडता फोडता तुजंच रडणं ऐकून राहिले व्हते. दोन वर्सं,” नागुबाई म्हणाली. आवाज चढला नाही. चढला असता तर पंचशीलाला बरं वाटलं असतं.

नागुबाईनं मित्राची वेणी पुरी केली, गाठ मारली आणि उठून पायात चपला घातल्या.

“आता कुठं निघालीस?”

“लातूरला. त्या सायबानं मला बसाय खुर्ची दिली व्हती. त्याला सांगाय नगं?”

“म्या येते संगं.”

“नगं. तू आलीस की तुलाच इचारतील, खोटं का बोललीस म्हून.”

“मग तू काय सांगशील?”

“सांगन, म्हातारीला ऐकू कमी येतं. कॅसेट नीट समजली न्हाई.”

अख्ख्या वस्तीत नागुबाईइतके तिखट कान कुणाचे नव्हते. ती फाट्याकडे चालू लागली, आणि पंचशीला लेकराला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली.