वरचं काळं

घाटंजीच्या बाजाररोडवर वामनरावांच्या घराची समोरची खोली रिकामी झाली आणि तिच्यासाठी दोन उमेदवार उभे राहिले. देवसिंगला तिथे खत-बियाण्यांचं दुकान टाकायचं होतं. वामनरावांच्या मुलीला, निकिताला, बेकरी काढायची होती. वामनरावांनी फर्मान काढलं : रविवारी निकितानं काहीतरी करून खाऊ घालावं. आवडलं तर खोली तिची, नाहीतर देवसिंगची. न्याय दिसावा म्हणून खायला देवसिंगलाही बोलावलं.

निकितानं पोर्तुगीज कस्टर्ड टार्ट करायचं ठरवलं. मैद्याच्या पापुद्र्यांची वाटी, आत दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक.

"अंडं?" निकिताची आई, विमलताई म्हणाल्या. "माह्या सैपाकघरात नाही."

या घरात अंडी सगळेच खात, पण घराबाहेर, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. त्यामुळे ओव्हन अंगणात निघाला. अंगणात तुळस होती, तिला चाललं नसतं, म्हणून तो गोठ्यात गेला. म्हशीला कोणी विचारलं नाही.

मे महिना. पापुद्र्यांसाठी मैद्याला लोणी लावून घडी घालायच्या आत ते पातळ होऊन पाटाखाली जायचं. शेवटी निकितानं कूलरपुढे बसून मैदा लाटला.

"बाबा, सरका जरा. हवा अडून राह्यली."

"मी घरमालक हावो वं."

"ते लोण्याले सांगा."

टार्ट फक्कड झाले. पापुद्रे सुटले, कस्टर्ड फुगलं, वर काळे डाग पडले. या पदार्थाची सगळी शान त्या डागांत. साखर करपल्याशिवाय ती चव येत नाही. निकिता समाधानानं अंघोळीला गेली.

परतली तेव्हा विमलताई सुरीनं टार्ट खरवडत होत्या.

"आई! काय करून राह्यली?"

"तुही इज्जत वाचवून राह्यली. सारे जळाले होते. पाहुण्याले जळकं देतात का?" खड्ड्यांवर त्यांनी खोबऱ्याचा कीसही पेरला होता.

गोठ्यासमोर बाजेवर बसून देवसिंगनं खाल्लं. "छान हाये," तो म्हणाला. "वडी थोडी नरम राह्यली, बस."

वामनरावांनी खाल्लं, आभाळाकडे पाहिलं आणि खोलीची चावी देवसिंगपुढे बाजेवर ठेवली.

निकिता रडकुंडीला आली. "त्या काळ्यातच सारी चव होती!"

"हो, तेच तं," म्हशीमागून आवाज आला. तोंड भरलेलं होतं.

सगळ्यात जास्त जळालेला टार्ट विमलताईंनी खरवडला नव्हता. करपलेली पोळी, फुटका लाडू, भाताची खरवड जशी लग्नापासून त्यांची, तसा तोही त्यांचाच. त्या डोळे मिटून चावत होत्या.

वामनराव उठले. "अवं, कसा हाये?"

"खराब हाये. तुमी नका खाऊ."

"जरासा दे."

"जळका हाये. पोटाले बाधन."

"वहिनी, मले तरी," देवसिंग म्हणाला.

"भाऊ, पाहुण्याले जळकं नाही देत मी."

दोघं म्हशीच्या दोन बाजूंनी शिरले. म्हशीनं बाजू विमलताईंची घेतली. तरी वामनरावांच्या हाती एक काळी कड लागली. ती त्यांनी चघळली, बोटं चाटली आणि बाजेवरची चावी उचलून निकिताच्या हातात दिली.

आता बेकरी चालते. देवसिंगनं दुकान पुढच्या चौकात टाकलंय. तो रोज येतो आणि आशेनं काळ्या डागांकडे पाहतो. विमलताई त्याला न चुकता खरवडून, वर खोबरं घालून देतात. पाहुणा आहे.