ग्रॉन्याचा ब्रॅक

हॅलोविनच्या दिवशी दुपारी नुआला डब्लिनहून बसने फिन्टनच्या गावी पोचली, तेव्हा तिच्या पिशवीत एक प्लास्टिकचा भोपळा, रबरी कोळी आणि कवटीच्या आकाराची बिस्किटं होती. फिन्टनच्या मुलीने, दहा वर्षांच्या ग्रॉन्याने, पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती परत बंद केली.

"हे तुमच्या शहरात चालत असेल," ती म्हणाली. "आमच्याकडे सलगम कोरतात."

टेबलावर सलगम मांडलेलेच होते, चांगले डोक्याएवढे. नुआलाने सुरी हातात घेतली आणि भोपळा किती गरीब असतो हे तिला तेव्हा कळलं. सलगम म्हणजे नुसता दगड. सुरी आत जाईना, गेलेली बाहेर येईना. शहरातल्या लोकांनी हे काम सोडून भोपळ्याला का जवळ केलं, हे कुणाला वेगळं सांगायला नको. ग्रॉन्या मात्र एका बाजूने झिजलेला जुना चमचा घेऊन आतला गर खरवडत होती. घाई नाही, जोर नाही, नुसता चमचा गोल गोल फिरत होता आणि टेबलावर गराचा ढीग साचत होता.

"सुरीशी मारामारी करू नकोस," ती म्हणाली. "चमच्याला काम करू दे. आईने असंच शिकवलंय."

आई, म्हणजे मेव्ह, जाऊन तीन वर्षं झाली होती. वसंतात फिन्टनने नुआलाला लग्नाचं विचारलं. तिने सांगितलं, पोरीच्या मनात असेल तरच. त्यानंतर ती कितीदा तरी इथे येऊन गेली. पोर कधी उद्धट वागली नाही, कधी जवळही आली नाही. शेवटी नुआलाने फिन्टनला फोनवर सांगून टाकलं होतं: हॅलोविनला येते, पण तेव्हाही तिच्या मनात जागा दिसली नाही, तर पुन्हा येणार नाही.

ग्रॉन्याचा सलगम तयार झाला. एक डोळा बारीक, एक वटारलेला, तोंडात मोजके दात. आत मेणबत्ती ठेवल्यावर करपलेल्या सलगमाचा वास सुटला आणि ते तोंड असं काही हसलं, की नुआलाच्या अंगावर खरंच काटा आला. एवढ्याशा पोरीच्या हातात एवढी कला कुठून येते, याचं तिला मनापासून कौतुक वाटलं. तिने ते बोलूनही दाखवलं.

"नाक जमलं नाही," ग्रॉन्या म्हणाली आणि बटाटे उकडायला निघून गेली.

बटाटे कुस्करून, त्यात शिजवलेली केलची पालेभाजी घालून, मधोमध लोण्याचं तळं करायचं, हेही तिने एकटीने केलं. ब्रॅक तर सकाळीच भाजून झाला होता. मनुके रात्रभर चहात भिजवून केलेला तो गोड पाव फडक्याखाली झाकलेला होता, आणि तो होईपर्यंत तिने बापालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारचा पॅकी आला. सत्तरीचा ब्रह्मचारी, जेवायला कुणी बोलावलं तर नाही म्हणायचा नाही. ग्रॉन्याने ताटं मांडली आणि एक ताट जास्तीचं वाढलं. या रात्री गेलेली माणसं घरी येऊन जातात, त्यांना उपाशी कसं पाठवायचं? नुआला कुठे बसावं ते न कळून उभीच राहिली.

"ती आईची खुर्ची," ग्रॉन्या म्हणाली. "तू खिडकीपाशी बस."

खिडकीतून गार वारा येत होता. नुआला बसली.

जेवण झालं, ब्रॅक पुढे आला. भाजताना त्यात पुड्या लपवतात: ज्याच्या तुकड्यात अंगठी येईल त्याचं वर्षात लग्न, वाटाणा आला तर लग्न नाही, चिंधी आली तर गरिबी.

"ज्याने भाजला त्याने कापायचा नाही," ग्रॉन्या म्हणाली. "नुआला, तू काप."

नुआलाने बेताचे, नीटस तुकडे कापून वाढले.

"आयुष्यभर मला वाटाणाच आला बघ," पॅकी म्हणाला. "लोकांना अंगठी यायची, वर्षाच्या आत त्यांची लग्नं व्हायची. मला आपला वाटाणा. आता तर वाटाणासुद्धा कंटाळला असेल."

एवढं बोलून त्याने तुकडा मोडला, तर आतून कागदाची पुडी निघाली, आणि पुडीत अंगठी. सगळे हसले.

"आता या वयात कोण बाई पत्करणार मला?"

नुआलाही हसली, पण आतून खचली. अंगठी गेली होती. आपल्याला ती इतकी हवी होती, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

मग फिन्टनच्या तुकड्यातूनही पुडी निघाली, आणि तिच्यातही अंगठी.

"हे काय, दोन दोन?" तो म्हणाला.

नुआलाने आपला तुकडा चिवडून पाहिला. मनुके आणि चुरा, बाकी काही नाही.

"इतका छान ब्रॅक मी कधी खाल्ला नव्हता, ग्रॉन्या," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. मग ती उठली. "सकाळची बस आहे. सामान आवरून ठेवते."

"खाली बस," ग्रॉन्या म्हणाली. तिने ब्रॅकची ताटली पुढे सरकवली. "आणखी एक तुकडा घे."

"पोट भरलं गं."

"घे म्हणते ना."

फिन्टन हातातली अंगठी दिव्याकडे धरून निरखत होता. "ही न्हाणीघराच्या पडद्याची कडी आहे," तो सावकाश म्हणाला.

"मग? वाटाणा घातलाच नाही मी. चिंधीपण नाही." ग्रॉन्याला आता रडू आवरेना. "पडद्याला होत्या तेवढ्या सगळ्या कड्या घातल्या. ही कुठून कापेल ते मला काय माहीत? आणि हिने बरोबर रिकामा तुकडा घेतला. इतका पातळ कापायला कुणी सांगितलं होतं?"

पॅकीने आपली कडी हळूच टेबलाच्या मधोमध ठेवली.

नुआला खाली बसली. डोळे पुसायच्या भानगडीत न पडता तिने सुरी उचलली आणि ब्रॅकचा एक जाडजूड तुकडा कापून घेतला.