तिसरं ‘नको’

सुलेमान गेल्यावर रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या वरच्या चढावरल्या घरात दोनच बायका उरल्या. एक त्याची धाकटी बहीण जन्नत आणि दुसरी त्याची गोरी बायको हेझल. दोघीही विधवा, दोघींचेही गुडघे कुरकुरणारे, आणि दोघींचं एका बाबतीत पक्कं एकमत होतं की सुलेमान माणूस लाखाचा, पण त्याला मासळी कधी घेता आली नाही. बंदराच्या तोंडाशी राहून हा बाबा शिळी सुरमई ताजीच्या भावाने घेऊन यायचा.

तरुणपणी तो बोटीवर होता. पुढे बोट सोडून इंग्लंडात बस चालवायला लागला, तिथेच हेझलशी निकाह लावला, मनाल झाली. रिटायर झाल्यावर म्हणाला, आता माझ्या गावी. हेझलही मुकाट आली. मोहल्ल्यात पैजा लागल्या होत्या की गोरी पावसाळा काढायची नाही. गोरीने बारा पावसाळे काढले. पैज लावणारे दोघे तोवर कबरस्तानात पोचले.

पहिल्याच दिवशी मात्र गोंधळ झाला होता. जन्नतने नव्या भाबीच्या ताटात सुरमईच्या दोन तुकड्या वाढल्या. तिसरी वाढायला गेली तर भाबी ‘नो’ म्हणाली. जन्नतने अर्थातच वाढली. नको म्हटल्यावर वाढायचं नाही, तर मग वाढायचं तरी कधी? चौथ्या तुकडीला भाबीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जन्नतला वाटलं, बिचारीला आपली माया लागली. रात्री भाबी ओकली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या प्रेमलाबाई नवी सून बघायला आल्या. शाळेतल्या बाई, मानाच्या. हेझलने विचारलं, “चहा?” प्रेमलाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, “नको, कशाला त्रास!” हेझल बरं म्हणाली, आत गेली, स्वतःपुरता चहा करून आणला आणि त्यांच्यासमोर बसून हसतमुखाने प्यायली. प्रेमलाबाईंनी ही गोष्ट पुढे इतक्या लोकांना सांगितली की ती रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून परत मोहल्ल्यात आली.

तेव्हा सुलेमानने दोघींना समोर बसवलं. बायकोला म्हणाला, “आमच्याकडं पहिला नको तोंडाचा, दुसरा लाजेचा. तिसरा आला तर खरा. त्याच्या आधी ताट उचलायचा नाय.” आणि बहिणीला म्हणाला, “तिच्याकडं नको एकच. परत विचारलंस तर तिला वाटतं, आपला ऐकलाच नाय. तिच्यावर जुलूम करू नको.”

दोघीही शिकल्या. काय शिकल्या म्हणून सांगावं! हेझल पुढे लग्नघरी पंगतीत बायकांना असा आग्रह करायची की त्या ताटावर हात आडवे धरायच्या. आणि जन्नत? घरात पाऊल ठेवणाऱ्या कुत्र्यालाही तीनदा भाकरी विचारणारी बाई, पण भाबीला एकदाच विचारायची. ‘नको’ आलं की विषय मिटला. याचा तिला फार अभिमान होता. आपल्या गोऱ्या भाबीचं मन आपल्यासारखं कोणी राखलं नाही, असं ती कामवाल्या सगुणाला वरचेवर ऐकवायची.

सुलेमान गेला आणि घराचं गणित बिघडलं. विलायतेचं सरकार बाहेर राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांचं पेन्शन वाढवत नाही. रत्नागिरीत आली त्या दिवशी जेवढं होतं, तेवढंच हेझलला अजून येत होतं. बाकी नारळापासून रिक्षापर्यंत सगळं वाढलं होतं. सुलेमानचं पेन्शन त्याच्याबरोबर गेलं. त्यात हेझलचा खुबा झिजला. सांधा बदलायचा तर मुंबई गाठायची, आणि या वयात विमा उतरवायला कोणी तयार नव्हतं. तिकडे इंग्लंडात तेच ऑपरेशन फुकट, पेन्शनही वाढून मिळणार, सरकारी फ्लॅटसाठी अर्ज करता येणार. मनाल दर रविवारी फोनवर आईला हेच समजावत होती, आणि पोरीचं चुकत नव्हतं.

भाबी जाणार, हे जन्नतला कळून चुकलं. नवरा गेला तेव्हा, मुलगा झुबेर कुवेतला गेला तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं, कारण दोन्ही वेळा ही बाई शेजारी होती. पण सांगणार कसं? दुसऱ्याला त्याच्या मुलखातून, लेकीजवळून, फुकटच्या औषधपाण्यातून ओढून ठेवायचं म्हणजे स्वार्थच की. शेवटी एका सकाळी कोळंबी सोलता सोलता तिने मान वर न करता विचारलं.

“भाबी, जाऊ नको. हितंच ऱ्हा. झुबेर पाठवतो तो दोघींना पुरतो. खुब्याचापण बघू कायतरी.”

हेझलच्या हातातली कोळंबी तशीच राहिली.

“नको जन्नत,” ती म्हणाली. “तुला कशाला त्रास!”

जन्नतने मान डोलावली आणि पुढची कोळंबी उचलली. परत विचारलं नाही. तिच्याकडं नको एकच, भावाने सांगितलं होतं.

तिकीट निघायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत हेझल कितीदा तरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कधी म्हणे चष्मा शोधतेय, आणि चष्मा तर डोळ्यांवर. एकदा सरळच म्हणाली, “तू काही बोलणार होतीस का?”

“नाय गं. काय नाय,” जन्नत म्हणाली, आणि पाठ फिरवून कांदा चिरायला घेतला. कांद्याचा फायदा असा की डोळे पुसायला कोणाची परवानगी लागत नाही.

निघायच्या दिवशी जन्नतने आंबापोळीचं पुडकं पुढे केलं. हेझल म्हणाली, “नको, बॅग जड होईल.” जन्नतने पुडकं परत फळीवर ठेवलं. हेझल त्या फळीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग काठी टेकत गाडीत बसली. प्रेमलाबाई पदराने डोळे टिपत होत्या. जन्नतने नाही टिपले. भाबीला जाताना जड जायला नको, म्हणून.

चार महिन्यांनी मनालचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली, आणि पोरगी एकदम रडायलाच लागली.

“फुफी, तू मम्मीला एकदाच का विचारलं?”

“काय विचारला?”

“राहतेस का म्हणून. ती म्हणते, मी पहिला नको म्हटला. लगेच हो कसा म्हणायचा, तशी तिकडे रीत नाही. मला वाटला, जन्नत परत विचारेल. मी वाट बघितली, गाडी सुटेपर्यंत बघितली. आंबापोळीसाठीसुद्धा तिने एकदाच विचारला. मग मी समजले, तिला मी जड झाले.”

जन्नतला कोळंबी सोलतानाचं भाबीचं उत्तर आठवलं. तुला कशाला त्रास. या अल्ला, हे तर प्रेमलाबाईंचं वाक्य! हे मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाईचं वाक्य होतं, आणि जन्नतला ते दुसऱ्या कोणाच्याही तोंडून झोपेत ऐकूनसुद्धा कळलं असतं. बारा वर्षं शिकून भाबी रत्नागिरीची झाली, आणि नेमकी त्याच वेळी आपण विलायती झालो. आपण मन राखलं म्हणत होतो ते हे! तिला स्वतःच्या शहाणपणाची किळस आली.

संध्याकाळी तिने सगुणाकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. पडद्यावर हेझल आली, अंगात दोन स्वेटर, मागे रेडिएटर. फ्लॅट मिळाला होता, खुब्याची तारीख लागली होती. चेहरा उतरला होता.

“भाबी,” जन्नत म्हणाली, “परत ये.”

“नको गं. आता कुठे!”

“ऐक माजा. खोली तशीच हाय तुजी. ऑपरेशन कर नि ये.”

हेझलने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत लावला.

“नको, जन्नत,” ती हळू म्हणाली.

दोन झाले. जन्नतच्या ओठांवर तिसऱ्यांदा ‘ये’ आलं, आणि तिला धडकी भरली. तारीख लागलीय, लेक जवळ आहे, पेन्शन वाढलंय. हे तिसरंही नको आलं तर? मग ते खरं. मग ताट उचलायचं, खोलीतली गादी गुंडाळायची, आणि परत कधी विचारायचं नाही. पडद्यावर हेझल तिच्याकडे बघत होती, स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची तशीच.

“जेवलीस काय?” जन्नतने विचारलं.